पाण्याच्या टाकीचा थांबा

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं शिवणयंत्राच्या खडखडाटात गिऱ्हाइकांशी बोललं की बाईमाणसाचा आवाज असाच होतो. पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर माझीसुद्धा बोलती बंद झाली.

"तुमच्या भावाच्या कानातले आवाज या गोळीने आटोक्यात आहेत," त्या म्हणाल्या. "पण हिच्यामुळेच वजन वाढतंय, रक्तातली साखरही वाढतेय. तीन महिन्यांत साखर उतरली नाही, तर गोळी बदलावी लागेल."

गोळी बदलणं म्हणजे काय, ते मला विचारा. मागे एकदा बदलली तेव्हा धाकटा घरातून निघून गेला आणि अकराव्या दिवशी परगावच्या बस आगारात अनवाणी सापडला. ते अकरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पुन्हा ते नको. काहीही करीन, पण ते नको.

"चालवा त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज तासभर. मनालाही बरं वाटेल."

सांगायला काय जातंय! धाकटा तेव्हा अंथरुणातून न्हाणीघरापर्यंत जायलाही दहा वेळा विचार करायचा. औषधाची गुंगी, त्यात देह हा एवढा, बारा पायऱ्या चढला की धापा टाकायचा. दवाखान्याच्या मैदानावर एक व्यायामशिक्षक सगळ्या पेशंटना गोल गोल फिरवायचे. धाकट्याने एक फेरी मारली आणि बाकावर बसकण मारली.

"ताई, जिथून निघालो तिथेच आलो. ही कसली गाडी?"

आजारी पडण्याआधी तो चौदा वर्षं सात नंबरच्या बसवर कंडक्टर होता. तो असं म्हणाला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सात नंबरच्या पहिल्या थांब्यावर नेऊन उभं केलं. म्हटलं, "चल, आज पायी ड्यूटी." त्याने माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि तोंडाने "टिंग टिंग" केलं. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे सुटा, एवढं शिक्षण आमच्या घरात सगळ्यांना आहे. आम्ही सुटलो.

पहिल्या आठवड्यात दोन थांबे झाले, मग चार, आणि महिनाभरात नऊच्या नऊ. दर थांब्यावर साहेब उभे. "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या!" अहो, उतरतंय कोण? लोक बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण एकदा भीत भीत विचारलं, "चालताना कानातले काय म्हणतात रे?"

"विनातिकीट होते," तो म्हणाला. "उतरवले."

मी भर रस्त्यात हसले, आणि मग भर रस्त्यात रडलेही.

पुढे पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर बाई येऊन मिळाल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, थांब्याशेजारच्याच इमारतीत एकट्या राहणाऱ्या, त्याच दवाखान्यातल्या पेशंट. त्यांचं दुखणं वेगळं. त्यांना सकाळी उठावंसंच वाटायचं नाही, दिवसचे दिवस पडून असायच्या. पण गाडी पावणेआठला येते म्हटल्यावर साडेसातलाच टाकीपाशी उभ्या! धाकटा रोज त्यांना तेच म्हणायचा, "पुढे सरका बाई, जागा आहे." आणि बाई खरंच एक पाऊल पुढे सरकायच्या.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं. साखर जागची हललेली नाही. "थांबत थांबत चालून भागायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाम यायला हवा."

माझं डोकं फिरलं. बाहेर पडल्या पडल्या धाकट्याला सांगितलं, "उद्यापासून ही जलद गाडी. थांबे फक्त तीन."

"आगाराचा आदेश?"

"हो. लेखी." चक्क थाप मारली.

पाण्याची टाकी वगळली. बाईंना म्हटलं, पुढच्या थांब्यावर येत जा, लांब का आहे? तीन आठवडे त्या धडपडत आल्या. मग यायच्या बंद झाल्या. खरं सांगू? माझ्या लक्षातही आलं नाही. मी मनगटावरचं घड्याळ बघत होते, आणि धाकट्याच्या पाठीवरचा घाम.

तपासणीच्या आदल्या सकाळी टाकीपाशी तो मध्येच उभा राहिला. "टिंग."

"अरे, इथे थांबा नाही!"

"एक सीट कमी आहे, ताई. चार दिवस मोजतोय."

"उद्या रक्त द्यायचंय! चल मुकाट्याने!"

"माणूस मागे ठेवून गाडी सुटत नाही."

माझा तोल गेला. "मग बस इथेच तुझी गाडी घेऊन!" असं ओरडून तरातरा पुढे निघून गेले. वाटलं, येईल मागून. चौकात वळून पाहिलं, तर मागे कोणी नाही. धावत टाकीपाशी आले, तिथेही नाही. अकरा दिवस, परगावचं आगार, अनवाणी पाय, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि या खेपेला मीच त्याला सोडून गेले होते.

टाकीसमोर किल्ल्या बनवणारा बसतो. त्याने कानस न थांबवता मान वर केली. "तो कंडक्टर ना? मघाशीच त्या इमारतीत शिरला."

जिन्यात शिरले तोच वरून दाराची घंटी ऐकू आली. एकदाच. मग शांतता. मग पुन्हा एकदाच. तिसऱ्या मजल्यावर धाकटा बंद दारासमोर ताठ उभा होता.

"काय करतोयस इथे?"

"गाडी थांबली आहे," त्याने सांगितलं आणि पुन्हा एकदा घंटी दाबली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाईंचे केस पिंजारलेले, डोळे सुजलेले. "जा रे बाबांनो," त्या भिंतीला धरून म्हणाल्या, "माझ्यासाठी कशाला खोळंबता? माझा थांबा बंद झाला ना?"

एवढी बोलघेवडी मी, पण खाली वाकून दाराशी पडलेल्या त्यांच्या चपला सरळ करत बसले.

"वेणी घाला, बाई," धाकटा म्हणाला. "गाडी उभी आहे."

अर्धा तास गेला. बाई चपला घालून बाहेर आल्या. धाकट्याने दाराची घंटी दोनदा दाबली आणि आम्ही सुटलो. खाली उतरल्यावर माझ्या ध्यानात आलं, हा पठ्ठ्या तीन मजले चढला होता आणि त्याला धाप लागलेली नव्हती.

साखर उतरली. फार नाही, पण उतरली. "गोळी हीच ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या थांब्यावर धाकटा हलेचना. "ताई, तो जलद गाडीचा आदेश. त्यावर सही कुणाची होती?"

"माझी," मी म्हटलं. "चुकलं माझं."

त्याने जरा विचार केला. "मग रद्द कर."

"केला."

पावणेआठला टाकीपाशी पोचलो. बाई उभ्या होत्या, वेणी घातलेली, पण खाली मान घालून. धाकट्याने गाडी थांबवली आणि माझ्याकडे बघत राहिला. मग मीच म्हटलं, "पुढे सरका बाई. जागा आहे."