अर्धं छप्पर

पदूनं शेवटचा खिळा ठोकला आणि स्टुलावरून उडीच मारली. वर बघतो तर अर्धं छप्पर नुसतं चकाकतंय! खोपोलीच्या झाकीरशेठकडून मागून आणलेला तो चहाच्या खोक्यांतला चंदेरी कागद. एकेक चुणी हातानं मोडून पदूनं तो कामट्यांवर ताणला होता, पत्र्यापासून चार बोटं खाली. कागद अर्ध्यातच संपला. पण बरंच झालं की, आता दोन्हीकडची गरमी मोजून दाखवता येईल. शेजारची जिजा डोकावून गेली, बायको घरात नाही आणि मखर कुणासाठी म्हणून विचारून.

बायकोसाठीच तर. शकू बाळंतपणाला पळसदरीला गेलेली. लेक मान धरायला लागली तरी शकूची आई, मोतीबाई, दोघींना धाडेना. त्या पत्र्याखाली पोर भाजून निघेल, पावसानंतर बघू, एवढंच तिचं म्हणणं. पदूनं लेकीला बघितलं होतं फक्त बारशाला, तेही बायकांच्या गराड्यात.

आज मोतीबाई खुद्द बघायला आली. जावयासमोर पदर कपाळावर ओढून उघड्या पत्र्याखाली बसली. पदूनं कारखान्यातून मागून आणलेले दोन थर्मामीटर दोन्हीकडं टांगले, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत हा कागद उष्णता कशी परतवतो ते तिला सांगत सुटला. ती ऐकतेय का नाही, कळेना.

मग त्यानं पारा बघितला. इकडचा, तिकडचा, परत इकडचा. दोन्हीकडं सारखाच! एकच खोली, इकडची हवा तिकडं फिरणार, पारा बिचारा वेगळं काय दाखवणार? फरक पडणार तो वरून अंगावर येणाऱ्या धगीत. पण हे पदूच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकदा वाटलं, द्यावी थाप ठोकून. नाही झालं त्याच्यानं.

"फरक नाय काय," तो पाठमोराच म्हणाला. "पावसानंतरच धाडा त्यांना."

वळून बघतो तर मोतीबाई मघाच्या जागी नव्हतीच. कधीतरी सरकत सरकत ती कागदाखाली गेली होती. भिंतीला टेकलेली, पाय पसरलेले, पदर खांद्यावर आलेला. जावई बघतोय म्हटल्यावर तिनं पदर सावरला आणि शेजारच्या जमिनीवर हात फिरवला.

"पोर हितं निजंल," ती म्हणाली. "शकू भिंतीकडंला."

मग ती उघड्या पत्र्याकडं बघत राहिली.

"आनि तुमी कुठं निजणार, पावनं? कागद मिळंल का अजून?"