शारी शिखराखालचा लख्ख कुकर

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. जन्म खाली मैदानातल्या कारखान्यात झाला, पण आयुष्य गेले लडाखात, यांगस्कित आमाच्या चुलीवर. इतक्या उंचीवर पाणी घाईघाईने उकळते आणि डाळ मात्र शिजायचे नाव घेत नाही. म्हणून मला मान होता. तांब्यापितळेच्या भांड्यांच्या फळीवर आमा मला मधोमध बसवायची. आमच्याकडे पाहुणा आधी फळीकडे बघतो, मग घरच्यांकडे.

मग युद्ध आले. शत्रू शारी शिखरावर बसला होता. तिथून आमचा रस्ता दिसायचा आणि रस्त्यावर काही हलले की तोफेचा गोळा यायचा. शिखराखालच्या जवानांचा कुकर असाच फुटला. पातेल्यात चार तास उकळलेली त्यांची डाळ बंदुकीत भरली असती, तर लढाई लवकर संपली असती. हल्ल्याआधी त्यांच्या पोटात काही गरम जावे, म्हणून आमाचा मुलगा पुन्चोक मला न्यायला आला. तो फौजेची ओझी वाहायचा.

"असा कळकट नेतोस?" आमा म्हणाली. "फौजवाले म्हणतील, या घरात बाईमाणूस नाही."

"आमा, लढाईला चाललाय तो, लग्नाला नाही."

"कुठंही जाऊ दे. चार लोक बघणारच ना?"

तिने मला राखेने इतके घासले की माझ्यात तिचे तोंड दिसू लागले.

चार लोकांनी खरेच बघितले. ते शिखरावर होते.

चढावर ऊन पडले. मागचा हमाल काल्झांग ओरडला, "अरे, पाठीवर आरसा बांधलायस का? झाक त्याला!" पुन्चोकने मला उतरवले, अंगातला लोकरी झगा काढला आणि माझ्याभोवती गुंडाळू लागला. तेवढ्यात गोळा आला. मला पोचा पडला. पुन्चोक गेला.

काल्झांगने मला वर पोचवले. माझ्यात खिचडी शिजली. जवान जेवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शारी घेतले. त्यांचे साहेब म्हणाले, "या कुकरनं शिखर जिंकलं." मी एक पाऊलही चाललो नव्हतो.

गोळा कशामुळे आला, हे काल्झांगने आमाला सांगून टाकले. खोटे बोलायचे त्याला सुचलेच नाही.

हवालदाराने मला परत आणले. रिकामे भांडे देऊ नये म्हणून आत काजू भरले होते, आणि मला घासून लख्ख केले होते. आमाने काजू शेजारच्या पोरांना वाटले. मग मला शेणीच्या धुरावर उपडे धरले, पार काळा होईपर्यंत.

अजून मी फळीवर मधोमधच आहे. गावातली एखादी नवी सून आदराने म्हणते, "आमा-ले, हा एकच घासायचा राहिला की!"

"राहू दे," आमा म्हणते.

मित्रांनो, भांड्यांची निगा राखावी, हे खरेच. पण कुणाच्या घरी एखादे काळे भांडे दिसले, तर लगेच राख हातात घेऊ नका. आधी विचारा. आणि उत्तर आले नाही, तर चहा पिऊन घरी जा.