मुठीतलं भिंग

मी एक जुनं भिंग आहे. घड्याळजी डोळ्यात अडकवून बसतात ना, तेच. काळी वाटी, तिच्या तळाशी बोराएवढी काच. एवढाच माझा जीव. बघणं हे माझं काम. पण मित्रांनो, आत्ता मला काहीच दिसत नाहीये. मी एका मुठीत आहे. मूठ थंडगार आहे, घामेजलीये, आणि मला अशी आवळतेय की माझी कड करकरतेय. अशा पुष्कळ मुठी मी बघितल्या. बघितल्या कसल्या, सोसल्या. ही कुणाची आहे ते मला माहितीये, पण ते नंतर. आधी मी इथं कसा आलो ते ऐका. तोवर हिच्या नाडीचे ठोकेही जरा सावकाश होतील.

एका कारखान्यात ओल्या चाकावर घासून घासून मला गोल केलं. घासणाऱ्या बाईनं मला उजेडासमोर धरलं, माझ्यातून स्वतःच्याच बोटावरच्या रेषा बघितल्या आणि म्हणाली, "हा निर्मळ निघाला." जन्मल्या जन्मल्या कानावर पडलेलं हे पहिलं कौतुक. त्याच्यावर मी कित्येक वर्षं काढली.

मग मी घड्याळजीकडे आलो. दुकान कसलं, दरवाजाएवढी रुंदी. एक टेबल, एक दिवा, मागं भिंतभर घड्याळं. घड्याळजी तेव्हा तरणा होता. पण डोळा एकच. काम शिकत असताना भिंतीवरच्या घड्याळाची मोठी स्प्रिंग सुटली आणि सणसणत डाव्या डोळ्यात बसली. त्या डोळ्याला पुढं फक्त उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. "आपला सगळा कारभार उजव्यावर," असं तो हसत सांगायचा. आणि त्या उजव्यावर बसायचो मी.

त्याची एक पद्धत होती. बारीक स्क्रू उचलायच्या आधी तो अर्धा श्वास सोडायचा आणि अर्धा धरून ठेवायचा. मग उघड्या घड्याळाला हळूच म्हणायचा, "पडून राहा. हलू नकोस. मी आहे." लहान बाळाचं नख कापताना आई बोलते ना, तसं. घड्याळ टिकटिकलं की उरलेला श्वास सोडायचा. माझी काच क्षणभर धुरकट व्हायची. मला ते फार आवडायचं.

लोकांना वाटतं भिंगातून एकाच बाजूनं दिसतं. तसं नसतं मित्रांनो. तो माझ्यातून घड्याळात बघायचा आणि मी त्याच्या डोळ्यात बघायचो. इतक्या जवळून त्याच्या आईनंही तो डोळा बघितला नसेल. तपकिरी कडं, मधोमध काळी विहीर. तळ नसलेली. मला तिची थोडी भीतीच वाटायची.

आणि एक दिवस त्या विहिरीला तळ दिसायला लागला.

करडा होता. चुन्याचा थेंब पाण्यात पडून पसरावा तसा. पुढच्या महिन्यात जरा मोठा. वर्षभरानं पांढरा. मी रोज बघत होतो, पण सांगणार कसं? मला तोंड कुठंय?

घड्याळजीला वाटलं, मी मळलोय.

त्यानं मला फुंकर मारली, चामड्याच्या तुकड्यानं पुसलं. परत डोळ्याला लावलं, परत काढलं, परत पुसलं. "काय झालंय याला? जाम मळतोय हल्ली!" दिवसातून दहा वेळा, मग वीस वेळा. आयुष्यभर ज्यानं माझ्यावर बोटाचा ठसा पडू दिला नाही, त्यानंच पुसून पुसून माझ्यावर ओरखडे काढले. मला काय म्हणाला माहितीये? "म्हातारा झालास. कामातून गेलास."

नवं भिंग आणलं त्यानं. मला खालच्या खणात टाकलं.

त्या खणाबद्दल सांगतो, मग झोप लागली नाही तर माझ्या नावानं ओरडू नका. दुरुस्तीला दिलेली, पण कुणी न्यायला आलंच नाही अशी घड्याळं तिथं ठेवलेली. चाळीस-पन्नास असतील. प्रत्येक वेगळ्या वेळेला थांबलेलं. कुणाचे मालक गाव सोडून गेले, कुणाचे जगातूनच गेले. घड्याळजीनं वरचा खण जोरात लावला की खाली हादरा बसायचा, आणि एखादं मेलेलं घड्याळ सहा-सात ठोके द्यायचं. मग गप्प. मग पलीकडचं एखादं. जणू एकानं विचारलं, "आला का कुणी?" आणि दुसऱ्यानं सांगितलं, "नाही." मी त्यांच्यात उताणा पडलो होतो. डोळा मिटता येत नाही मला. लाकडाकडे बघत राहायचो.

अन् मग एका दुपारी खण उघडला. घड्याळजीनं मला उचललं.

नवं भिंग लावून बघितलं. काढलं. मला लावलं. परत नवं. मग दोन्ही टेबलावर ठेवली आणि नुसत्या डोळ्यानं भिंतीकडे बघितलं. घड्याळांकडे. दिव्याकडे. स्वतःच्या तळहाताकडे. डाग सगळीकडे होता. तो जिकडं बघेल तिकडं डाग त्याच्या आधी जाऊन बसत होता.

"म्हणजे हा माझ्यातच आहे," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही.

तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. मागं रस्त्यावरचं ऊन. मला त्याच्या टेबलावरून स्पष्ट दिसत होतं कोण ते. पण घड्याळजी ताडकन उठला, खुर्ची मागं पडली.

"कोण तू? रोज का येतोस? तोंड का नाही तुला?"

"बाबा, मी आहे. डबा आणलाय," लेक म्हणाली. आवाज एकदम खोल गेला होता तिचा.

तेव्हा तो बोलला. कित्येक दिवस दारात एक पांढरा माणूस उभा राहतो म्हणाला. नाक नाही, डोळे नाहीत. नुसती बाह्यरेषा. कुणी गिऱ्हाईक असेल म्हणून तो "या, बसा" म्हणायचा. कधी कधी बोलायचंच नाही ते. घरी सांगितलं तर लोक वेडा म्हणतील, म्हणून सांगितलं नव्हतं.

लेक बस आगारात तिकीटखिडकीवर बसते. रोज शंभर तऱ्हेच्या माणसांशी गाठ. ती रडली नाही. म्हणाली, "उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. तो पांढरा माणूस पण येऊ दे बरोबर."

मोतीबिंदू निघाला. पिकलेला. ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि घड्याळजी तिथल्या बाकावरून उठून घरी आला. दुसरी तारीख मिळाली. त्याही वेळी तेच. लेकीनं विचारलं तर म्हणे, पोटात कळ आली.

दुकानाच्या पायरीशी किल्लीवाला बसतो. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. किल्ली नाकाला टेकवून घासतो. तो म्हणाला, "अरे लेका, माझं झालंय ते. काही नाही होत. मुंगी चावते तेवढंच. झाकण उघडायचं, काच बदलायची, झाकण लावायचं. जन्मभर तू काय केलंस दुसरं?"

"म्हणून तर," घड्याळजी म्हणाला. "तुला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. चिमटा खालून कसा दिसत असेल, स्प्रिंग कशी उडते, हात कधी घसरतो. घड्याळाचं काय, दुसरं येतं. माझा एकच आहे रे. तो गेला की संपलं. मग लेकीचा आवाज तेवढा राहील."

किल्लीवाला नुसता किल्ली घासत राहिला.

तिसऱ्या तारखेला निघताना घड्याळजीनं मला खिशात टाकलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दवाखान्याचा बाक लांबलचक. सगळ्यांच्या कपाळावर चिकटपट्टी, कुठला डोळा ते दाखवायला. सिस्टर येऊन थेंब टाकून जायच्या. एकेकाचं नाव पुकारलं की तो उठायचा, आणि दार त्याला आत घ्यायचं. आवाज न करता. घड्याळजी बूड उचलून परत टेकत होता. लेकीनं त्याची बाही धरून ठेवली होती.

डॉक्टरबाई शेवटची तपासणी करायला आल्या. त्यानं एकदम विचारलं.

"बाई, राग मानू नका. तुमचा हात कधी घसरलाय?"

"बाबा!" लेक ओरडली.

बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. डॉक्टरबाई बाकासमोर उकिडव्या बसल्या.

"घसरलाय, काका. शिकत होते तेव्हा. नंतरही एकदा."

"मग?"

"मग थांबले. सावरलं. त्या आजींना आज दिसतं. यापुढं घसरणारच नाही असं मी कुणाला सांगत नाही. घसरला तर काय करायचं ते मला येतं. आणि तुमचा एकच आहे, हे माझ्या डोक्यात पक्कं आहे."

घड्याळजी म्हणाला, "माझ्याकडं एक कारागीर यायचा. म्हणायचा, माझा हात कधी घसरत नाही. त्याला मी माझ्या चिमट्याला हात लावू दिला नाही कधी." आणि मला खिशातून काढून मुठीत धरत स्वतःच उठून उभा राहिला. "चला."

दारात सिस्टरनं अडवलं. "मुठीत काय आहे?"

"भिंग."

"बाहेर ठेवा. लेकीकडं द्या."

"सिस्टर, डोळा तुम्ही घ्या. मूठ तेवढी माझी राहू द्या."

सिस्टरनं त्याच्याकडं बघितलं, मग मला स्पिरिटनं पुसलं आणि छोट्या पिशवीत घातलं. "हात चादरीबाहेर काढायचा नाही. बोटसुद्धा नाही."

पुढचं मी बघितलेलं नाही. अंधारात ऐकलंय. त्याच्या तोंडावर डोळ्यापुरत्या भोकाची चादर आली. वर मोठा दिवा लागला असावा, कारण तो पुटपुटला, "तीन चंद्र दिसतायत." मुठीतली नाडी पिसाळली होती. माझी पिशवी तिच्याबरोबर उडत होती.

"काका, श्वास धरू नका."

"सवय आहे हो."

"काम मी करतेय ना? मग श्वास मी धरते. तुम्ही नुसतं पडून राहायचं."

मूठ एकदम थांबली. आणि मला त्याचा तो जुना आवाज ऐकू आला. अगदी हळू. "पडून राहा. हलू नकोस." या वेळी घड्याळाला नाही, स्वतःला म्हणत होता. जन्मभर तो टेबलाच्या वरच्या बाजूला बसला. आज खालच्या बाजूला होता. घड्याळाचं काम काय असतं, ते त्याला पहिल्यांदा कळलं. बोटं सैल पडली. नाडी जाग्यावर आली.

एका नळीतून काहीतरी शोषल्याचा आवाज आला. तो पांढरा माणूस कुठं गेला असं मला विचाराल, तर मी म्हणेन त्या नळीतून गेला. मग माझ्या वरून, अगदी जवळून, माझ्या जातीचं कुणीतरी त्याच्या डोळ्यात बसायला गेलं. दिसलं नाही, पण कळलं. मसुरीच्या दाण्यापेक्षा लहान. दुमडलेलं. मी हाक मारली. ते बोललं नाही.

आठ-दहा दिवसांनी दुकान उघडलं, तेव्हा दारात लेक उभी राहिली. मागं तसंच ऊन.

"कोण गं तू?" घड्याळजी म्हणाला. तिचा चेहरा पडला. तर तो हसत होता. "आमची लेक का? मग केस कधी पिकले तुझे? मला कुणी सांगितलं नाही!"

ती बसली आणि मग मात्र रडली.

त्यानं मला डोळ्याला लावलं. माझ्यावरचे ओरखडे त्याला दिसले. "अरे, हे मी केलं?" एवढंच म्हणाला, आणि अंगठा हळूच माझ्या कडेवरून फिरवला. मी मात्र आत बघत होतो. विहीर पुन्हा काळी झाली होती. आणि तिच्या आत काहीतरी लकाकलं. आतून कुणीतरी माझ्याकडं बघत होतं. माझंच भावंड. ते आता कधी बाहेर येणार नाही. शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहील. तो डोळे मिटेल तेव्हाही ते उघडंच असेल. मला कापरं भरलं मित्रांनो. आणि थोडा हेवाही वाटला.

माझ्यानं आता बारीक काम होत नाही. पण घड्याळजीनं मला खणात टाकलं नाही. सिस्टरकडं नेऊन दिलं. "घाबरलेला कुणी आला तर द्या मुठीत." तेव्हापासून मी इथं आहे. सुताराच्या मुठीत राहिलो, शिक्षिकेच्या राहिलो. बघणं सुटलं, धरणं आलं.

आता ही मूठ. मघाशी सिस्टरनं विचारलं, "काका, दुसऱ्या डोळ्याचं आधी झालंय का?"

"नाही हो. पहिलंच."

शेजारी सोबतीला घड्याळजी बसला होता. तो उडालाच. "काय रे! माझं झालंय, मुंगी चावते तेवढंच, म्हणत होतास ना?"

"तू जावंस म्हणून म्हणालो," किल्लीवाला म्हणाला. दात वाजत होते त्याचे. "आणि मुंगीला मी पण भितो."

घड्याळजीनं स्वतः मला त्याच्या हातात ठेवलं, बोटं मिटली. "बाईंना विचार काय विचारायचं ते. लाजू नकोस. मी बाहेर आहे."

मित्रांनो, मला एकच सांगायचंय. डाग पुसून जात नसेल आणि जिकडं बघाल तिकडं तुमच्या आधी जाऊन बसत असेल, तर काचेला शिव्या देऊ नका. काच बिचारी झिजते. कुणाला तरी सांगा. दारात बिनतोंडाचा माणूस दिसला, तरी सांगा. कदाचित ती तुमचीच लेक असेल, डबा घेऊन आलेली.

आता बोलणं पुरे. वर दिवा लागलाय. मला दिसत नाही, पण कळतंय, माझ्या जातीचं कुणीतरी येतंय. दुमडलेलं, मुकं. किल्लीवाल्याची मूठ परत आवळली.

पडून राहा. हलू नकोस. मी आहे.