काचेमागची दुसरी खुर्ची

मित्रांनो, मी भिंतीत बसवलेली एक जुनी काच आहे. एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने खिडकी. त्यामुळे माझी कोणाशी ओळखच होत नाही. आरशाच्या बाजूला जो येतो तो स्वतःला बघतो. खिडकीच्या बाजूला जो बसतो तो माझ्या आरपार बघतो. माझ्याकडे असं कोणीच बघत नाही.

माझ्यात जादू नाही, हे आधीच सांगते. कारखान्यात माझ्या अंगावर धातूचा अगदी पातळ थर चढवला. पडलेल्या उजेडातला काही उजेड त्यावरून परत फिरतो आणि काही पलीकडे जातो. दोन्ही बाजूंनी मी सारखीच आहे. एका खोलीत लख्ख दिवे आणि दुसरीत अंधार असला, की उजेडातल्याला स्वतःचा चेहरा दिसतो आणि अंधारातल्याला उजेडातला माणूस. फरक काय तो दिव्याचा.

मला एका दवाखान्यात आणलं. तिथे मनाच्या आजारांवर उपचार होत, आणि उपचार झाले की माणसं आपापल्या घरी परत जात. येणाऱ्यांची बुद्धी जन्मापासूनच सावकाश चालणारी होती. कोणाला मोजता येत नसे, कोणाला धड बोलता येत नसे. पण दुःख व्हायला आकडेमोड यावी लागत नाही. ते त्यांनाही होई, आणि सांगता येत नसल्यामुळे आतल्या आत साचून राही.

उजेडाच्या खोलीत समुपदेशक त्यांच्याशी बोलत, चित्रं दाखवत, ठोकळे मांडत. अंधाराच्या खोलीत मोठ्या बाई बसत. समुपदेशकांच्या कामावर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. कोणाचं चुकलं तर त्या नंतर शांतपणे सांगत, आणि बरोबर असलं तरी आठवणीने सांगत. त्यांच्या खोलीतल्या बटणावर एक कागद चिकटवलेला होता, ‘दिवा लावू नये’. त्या काळी दुसऱ्या दवाखान्यांतले लोक मला बघायला येत. “काय छान सोय आहे!” म्हणत, आणि माझ्यात बघून भांग सारखा करत.

बाईंच्या शेजारी दुसरी एक खुर्ची असे. पेशंटसोबत आलेल्या आईला किंवा भावाला तिथे बसून बघायची मुभा होती.

त्या खुर्चीवर सगळ्यांत जास्त वेळा बसली ती मास्तरची आई. मास्तर म्हणजे चाळिशी ओलांडलेला, धिप्पाड, मोजके शब्द बोलणारा माणूस. आल्या आल्या तो बाहेरच्या सगळ्या चपला ओळीत लावी. एखादी वाकडी राहिली तर तिच्या मालकाकडे डोळे वटारून बघे. म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. आई त्याच्या खांद्याएवढीही नव्हती. खोलीत आली की ती आधी माझ्यावर टकटक करी.

“आतल्या बाई, आलो हो आम्ही! चहा झाला का?”

मग मास्तरला सांगे, “मी काचेमागे बसते हं. तुझं झालं की येते बाहेर.”

आणि त्याचं झालं की ती खरंच येई. मास्तर माझ्यासमोर उभा राही आणि तिचा हात पोचावा म्हणून डोकं खाली वाकवी. ती पिशवीतून हिरवा कंगवा काढून त्याचे केस विंचरी. “नवरदेव दिसतोस अगदी,” असं म्हणे, आणि जाताना पुन्हा टकटक करून, “आतल्या बाई, येतो हो!” तोवर काचेशी बोलणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं होतं. ती बोलायची ते बाईंशी, मला ठाऊक होतं. तरी बरं वाटायचं.

मग बरेच दिवस दोघं आली नाहीत. मास्तर परत आला तेव्हा सोबत त्याची बहीण होती. मास्तरने चपलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या मनगटावर दातांचे वळ होते आणि गाल बसले होते.

“आई गेली, सर,” बहीण चष्मेवाल्या समुपदेशकाला हळूच म्हणाली. “झोपेतच गेली. याला सांगितलंय, गावाला गेलीय म्हणून. त्याला काय कळणार? रात्रभर दारं वाजवतो, जेवत नाही, धरायला गेलं की चावतो. माझी दोन पोरं घाबरून आत्याकडे राहतात. माझा जीव अगदी मेटाकुटीला आलाय. लांब एक संस्था आहे, कायमचं ठेवून घेतात. तुम्ही तेवढी चिठ्ठी द्या.”

तेवढ्यात मास्तर उठला, माझ्यासमोर आला आणि त्याने दोन्ही तळहातांनी मला धडाधड मारायला सुरुवात केली. मी थरथरले. चौकट जुनी होती. चष्मेवाले सर त्याला मागे ओढायला धावले.

नंतर ते अंधाराच्या खोलीत येऊन मोठ्या बाईंना म्हणाले, “स्वतःच्याच प्रतिबिंबावर तुटून पडतोय. आजार बळावलाय. गोळ्या वाढवायला हव्यात, आणि संस्थेचंही मला पटतं.”

बाई रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. “पुढच्या वेळी त्याला ओढू नकोस,” त्या म्हणाल्या. “तो काच फोडणार असेल तर फोडू दे. मला बघायचंय.”

मित्रांनो, फुटायची भीती काचेला नसते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पुढच्या वेळी चष्मेवाले सर हात मागे बांधून भिंतीशी उभे राहिले. मास्तर सरळ माझ्याकडे आला. आधी त्याने एकदाच, हळू टकटक केली. थांबला. मग जोरात मारलं. मग डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरून, नाक चेपेपर्यंत मला चिकटून त्याने आत बघायचा प्रयत्न केला. पलीकडे बाई त्याच्याकडे बघत होत्या. मग तो दोन पावलं मागे सरकला, दाराकडे वळला आणि त्याने डोकं खाली वाकवलं. तसाच उभा राहिला, वाकलेला, केस विस्कटलेले.

कोणी आलं नाही. मग तो परत फिरून मला मारू लागला.

बाई उठल्या. “अगं आई गं,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तो स्वतःला मारतच नव्हता. आई काचेमागे जाते आणि काम झालं की बाहेर येते, हे त्याला दर वेळी सांगितलेलं होतं, आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं. तो तिला हाक मारत होता.

त्यांनी कागदावरूनच बटण दाबलं.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना उजेड झाला. मास्तरचा हात हवेतच थांबला. त्याला माझ्यातून पलीकडचं दिसलं: एक बाई, एक टेबल, दोन खुर्च्या. त्यातली एक रिकामी.

“आई?” तो म्हणाला.

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि हाताने त्याला आत बोलावलं. मागोमाग बहीण आणि सरही आले. मास्तरने दारामागे पाहिलं. खुर्चीखाली वाकून पाहिलं. बाईंनी त्याला पाहू दिलं. मग त्या त्याच्यासमोर बसल्या.

“मास्तर, तुझी आई वारली. तिचं शरीर थांबलं. ती इथे नाही, गावालाही नाही. ती परत येणार नाही. तू काही केलंस म्हणून नाही.”

“येणार नाही?”

“नाही.”

तो पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला, आणि बाई दर वेळी तेच उत्तर देत राहिल्या, आवाज न चढवता. शेवटी तो त्या दुसऱ्या खुर्चीवर बसला आणि हंबरडा फोडून रडला. त्याच्यामागे बहीणही रडू लागली. “मी पण रडले नव्हते हो,” ती म्हणाली. “याच्यासमोर गावाला गेलीय म्हणायचं, मग रडायचं कुठे?” मास्तरने ओल्या हाताने तिचा पदर धरला. चावला नाही.

बऱ्याच वेळाने बहिणीने पिशवीतून हिरवा कंगवा काढला. मास्तरने तो घेतला आणि उजेडाच्या खोलीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पण पलीकडे दिवा असल्यामुळे त्याला स्वतःचा चेहरा धड दिसेना.

“दिवा घालवा,” तो म्हणाला.

बाईंनी घालवला. त्याने भांग पाडला. वाकडा. बहीण सारखा करायला पुढे झाली तर म्हणाला, “राहू दे. मी.”

चिठ्ठीचं त्या दिवशी कोणी बोललं नाही, आणि नंतर बहिणीने ती मागितली नाही. “पोरांना आणते घरी. बघू कसं जमतंय ते,” ती म्हणाली. सगळंच काही सुरळीत झालं नाही. पण दारं वाजायची थांबली.

त्या संध्याकाळी बाई सरांना म्हणाल्या, “तू पाहिलंस ते खरंच होतं. त्याला आजाराचं नाव तेवढं घाईने दिलंस.”

त्यालाही आता खूप वर्षं झाली. छताला छोटे कॅमेरे लागले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. अंधाराच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि खोकी रचली आहेत. बटण अजून आहे, पण तिथवर हात पोचत नाही. माझ्या कडांना काळे डाग पडले आहेत. दिवसभर मी या बाजूचे चेहरे परत पाठवते. पलीकडून कोणी बघत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कोणाकोणाकडे बघता. वर्गातल्या सावकाश मुलाकडे, शेजारच्या न बोलणाऱ्या दादाकडे. त्याला काही कळत नाही असं ठरवून अंधारात बसून बघणं सोपं असतं. कधीतरी आपल्या बाजूचा दिवा लावा. त्याला तुम्ही दिसू द्या, आणि जे खरं आहे ते सांगा.

मास्तर अजून येतो. केस पांढरे झालेत. बाहेरच्या चपला लावून झाल्या की तो माझ्यासमोर भांग पाडतो, आणि जाताना टकटक करतो.

“येतो हो,” म्हणतो.

पलीकडे कोणी नाही, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. खुर्चीखालीसुद्धा पाहिलं आहे. म्हणजे तो हे मलाच म्हणतो.