गोलोंद्रिनाने धरलेला डूख

मी एक म्हातारी घोडी आहे. अंगावरचा तांबूस रंग विटला आहे आणि मानेच्या दोन्ही बाजूंना सुयांचे गाठाळ व्रण आहेत. माझं नाव गोलोंद्रिना. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्तेच्या तापत्या माळावर मी जन्मले. तरुणपणी मी तोपेत नाचत असे. नाताळ सरला की राजधानी सान होसेच्या रस्त्यांवर निघते ती घोड्यांची मिरवणूक, तीच तोपे. लोक कौतुकाने टाळ्या पिटत. पुढे माझा गुडघा दुखावला आणि मालकाचं प्रेम आटलं. सापाच्या विषावर औषध बनवणारं एक केंद्र डोंगरावर आहे, तिथे त्याने मला गाभण असतानाच देऊन टाकलं. तिथेच माझं शिंगरू जन्मलं. दालचिनीच्या रंगाचं होतं, म्हणून त्याचं नाव कनेलो पडलं. मोठा झाल्यावर तोही माझ्याच कामाला लागला.

काम असं होतं. सापाचं विष आम्हाला थोडं थोडं टोचत. मान सुजे, ताप भरे, दाण्याकडे बघवत नसे. अंग विषाशी झुंजायला शिकलं की मानेतून पिशव्या भरून रक्त काढत. पिशवी टांगली की लाल भाग खाली बसे आणि वर पिवळसर पाणी राही. औषध त्या पाण्याचं होई. उरलेला लाल भाग दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याला शिरेतून परत देत, म्हणजे आम्हाला लवकर उभारी येई. ज्याचा त्याला, एवढं लक्षात ठेवा. माझ्या पिशवीला निळी फीत असे, कनेलोच्या पिशवीला पिवळी.

शाळेतली मुलं आम्हाला बघायला येत आणि गळ्यात फुलं घालत. केंद्राचे मुख्य एवारिस्तोसाहेब माझ्या मानेवर थाप मारून त्यांना सांगत, "हिला साप आधी कळतो. ही फुरफुरली की पाऊल पुढे टाकायचं नाही." खरंच होतं ते. कितीतरी जणांचे पाय मी वाचवले आहेत.

मग तो दिवस आला. तोपेचाच दिवस होता. एवारिस्तोसाहेबांचा पांढरा घोडा नटून फाटकाशी उभा होता आणि साहेब नव्या बुटांत, रुंद टोपीत मिरवत होते. पण आमच्या लाल पिशव्या द्यायच्या राहिल्या होत्या. आमची देखभाल करणारी यादिरा म्हणाली की मिरवणुकीला थोडा उशीर झाला तर काही बिघडणार नाही. साहेबांना मात्र पुढच्या रांगेत घोडा घालायचा होता. त्यांनी हाताला लागेल ती पिशवी ओढली, कनेलोला लावली आणि ते निघून गेले. तिची फीत निळी होती.

माझं रक्त माझ्या लेकाला मानवलं नाही. तो थरथरू लागला, घामाने निथळला, त्याची लघवी काळपट लाल झाली. यादिराने पिशवी तोडून काढली, फोनवर फोन केले. मिरवणुकीच्या गोंगाटात साहेबांनी एकही घेतला नाही. ते परत आले तेव्हा कनेलो माझ्यासमोर मरून पडला होता.

"साहेब, त्याला हिची पिशवी लागली," यादिरा म्हणाली.

"पोटशूळ होता. सगळ्यांना तेच सांगायचं. तुला नोकरी करायची आहे ना?"

यादिराने सगळ्यांना तेच सांगितलं. तिचा मला राग नाही. साहेबांवर मात्र मी डूख धरला.

पावसाळ्यात संधी आली. साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि नेहमीची फुशारकी मारू लागले. माझ्या गव्हाणीखाली मखमल्या बसला होता. आमच्याकडचा सगळ्यांत जहरी साप. मला त्याचा वास केव्हाच आला होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गवत चघळत राहिले. "घोडी शांत आहे, घाबरू नका," असं म्हणत त्यांनी वाऱ्याने गव्हाणीखाली गेलेली टोपी उचलायला हात घातला.

मखमल्या डसला, पण ते वाचले. आमच्याच औषधाने वाचले, याची मला चीड आली. पण आठवड्याभराने त्यांच्या अंगावर चट्टे उठले, सांधे सुजले. काही माणसांना आमचं रक्त सोसत नाही. तेव्हापासून घोड्याच्या नुसत्या वासाने त्यांचे डोळे सुजतात, छाती भरते. पुन्हा साप चावला तर कदाचित औषधानेच जीव जाईल, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं आहे. जे अंगण मी राखत होते, तिथे आता ते जीव मुठीत धरून चालतात. मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

पुढच्या तोपेच्या दिवशी साहेब नाकाला रुमाल लावून कुंपणाबाहेर उभे राहिले. पांढरा घोडा विकला गेला होता. यादिरा मला खरारा करत होती.

"तुमच्या अंगात हिचंच रक्त गेलं असेल, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "कनेलोच्या अंगात गेलं तेच."

साहेबांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. मग म्हणाले, "चुकीची पिशवी मीच लावली, यादिरा. त्याच दिवशी कळलं होतं मला."

"मला काय सांगता? तिला सांगा."

ते जवळ यायला निघाले आणि धाप लागून मागे फिरले. मी जागची हलले नाही. त्यांची मला दया आली नाही, अजून येत नाही.

मित्रांनो, आमचं रक्त घ्या. तुमची लेकरं जगावीत, त्याला माझी ना नाही. पण घेताना मिरवणुकीची घाई करू नका, आणि आमचं लेकरू तुमच्या हातून गेलं तर पोटशूळ म्हणू नका. साप मला आजही तुमच्या आधी कळतो. फुरफुरायचं की गवत चघळत राहायचं, ते मी ठरवते.