ओळखीचं इंजिन

पत्र्याच्या शेडमधल्या स्पीकरवर आधी दणका ऐकू आला, मग घाईने पळणारं इंजिन.

"बाँब टाकून मासे मारतायत हलकट!" प्रयोगाचे म्हातारे साहेब, पाक विर्या, खुर्चीतून उठलेच. "रबासिया, कुणाची होडी ही?"

रबासिया पडद्याकडे वळली. बेटासमोरच्या समुद्राच्या तळाशी काचेच्या धाग्याची केबल तिनेच पाणबुड्यांसोबत टाकली होती. वरून होडी गेली की आवाजाने धागा ताणला जातो, आतला प्रकाश बदलतो आणि न बघताही होडी कळते. चाचणीसाठी गावातल्या होड्या केबलवरून फिरवून तिने एकेकीचा आवाज साठवला होता. सगळ्यांत पहिली, मोठ्या हौसेने, भावाची.

पडद्यावर आता त्याचंच नाव उमटलं होतं.

"दाएंग रुरुंग? तुझा भाऊ ना गं हा?"

यंत्राने सांगायची गरजच नव्हती. मध्येच एक ठोका गिळणारं ते इंजिन वडिलांच्या वेळचं. त्याच्या आवाजावर ती लहानपणी झोपायची.

"छे, पाक! यंत्र चुकतंय. त्याचं इंजिन कालपासून खोलून पडलंय."

खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की तिलाच नवल वाटलं. धागा खोटं बोलत नाही, असं गावभर मिरवत सांगणारी हीच बाई!

पाक विर्यांनी चष्मा काढला. म्हातारा एकदम थकलेला दिसला. "म्हणजे सगळी मेहनत वाया. स्वतःच्या गावातली होडी ओळखता येत नाही, तर दूरची जहाजं काय ओळखणार?" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "माफ कर, पोरी. उगाच तुझ्या भावावर संशय घेतला."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला झालं. शरमेने तिला मान वर करवेना. पडद्यावरचं नाव तिने आपल्या हाताने पुसलं.

संध्याकाळी घरी दाएंग रुरुंग खुशीत होता.

"काय गं, तुझं यंत्र काय म्हणतंय? आमची होडीवरची भांडणं ऐकतं का?"

"चुकतं म्हणे."

"मी सांगितलं नव्हतं? काचेला कुठले आलेत कान!"

अम्माने चिंच-हळदीच्या रश्श्यातला मासा वाढला. गळाच्या माशाचा काटा अखंड निघतो, बाँबच्या दणक्याने मेलेल्याचा मोडलेला. याचा तुकड्यातुकड्यांनी हाताशी आला. रबासियाने भावाकडे पाहिलं. त्याचं हसू विरलं.

"खा ना," तो पुटपुटला आणि भाताकडे बघत बसला.

अम्माचं लक्षच नव्हतं. "किती ताजा आहे बघ! तुझ्या साहेबांना दोन तुकडे बांधून देऊ? एकटा जीव, काय खात असेल कोण जाणे."

"नको!" रबासियाने रश्श्याचं भांडंच आपल्याकडे ओढलं. "मीच खाते सगळं."

"अगं बाई, एवढी भूक!" अम्मा हसली.

रबासिया खाली मान घालून खात राहिली. तुटके काटे ती डाव्या मुठीत लपवत होती, अम्माला दिसू नयेत म्हणून.