तेल, घाम आणि औषध

"पोट दुखतंय," बटण म्हणाली. एक बूट पायात, दुसरा हातात, आणि बाईसाहेब बसल्या होत्या धुवायला आलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर.

"कुठे दुखतंय?" माझ्या भावाने इस्त्री थांबवून विचारलं.

"इथे." तिने अख्ख्या पोटावरून हात फिरवला.

"नक्की कुठे? वर की खाली? मधेच दुखतं की सारखं?"

"अरे, पोर आहे ती, शर्ट नाही," मी म्हणाले. "डाग दाखवा म्हणून काय विचारतोस?"

बटण हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून तिच्या आईने लाडाने बटण म्हटलं आणि तेच चिकटलं. आता ती दुसरीत आहे आणि तिची आई या जगात नाही. मी तिची आत्या. लॉन्ड्री माझ्या भावाची, दुकानामागच्या दोन खोल्या म्हणजे घर. भावजय आजारी पडली तेव्हा मी चार दिवसांसाठी म्हणून आले, ती काउंटरवर बसले आणि इथलीच झाले.

बटणचं हे पोटाचं प्रकरण आई गेल्यावर सुरू झालं. शाळेची वेळ झाली की दुखायचं. जेवायला बसली की दोन घासांत पोट भरायचं. शाळेचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला तसे मी टाके घातले, मग त्या टाक्यांच्याही आत टाके घातले. पोर डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि आमचा जीव टांगणीला लागला होता.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या आणि आम्हाला समोर बसवून विचारलं, "घरी आईबद्दल बोलते का ती?"

"नाही," भाऊ म्हणाला. "आम्ही तिच्यासमोर विषयच काढत नाही." हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"मग काढा," डॉक्टर म्हणाले. "पोटात काही नाही तिच्या."

आम्ही औषध मागितलं. भूक लागायचं एक गोड औषध त्यांनी लिहून दिलं आणि आम्ही ते इमानेइतबारे पाजत राहिलो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, दुसरं काय. पण विषय कसा काढणार? सुरुवातीला आईचं नाव निघालं की पोर हंबरडा फोडायची आणि भावाला ते बघवायचं नाही. एके दिवशी त्याने भिंतीवरचा फोटो उतरवून कपाटात ठेवला आणि मला म्हणाला, "ताई, तिच्यासमोर नाव काढू नकोस. विसरेल हळूहळू." बटणने आपल्या बापाचा नियम असा पाळला की विचारू नका. त्या दिवसापासून आईचा आ म्हणून तिच्या तोंडून आला नाही. आम्हाला वाटलं, विसरली.

माझ्या भावाच्या नाकाबद्दल सांगायला हवं. धुवायला आलेला प्रत्येक कपडा तो आधी हुंगतो. लोक हसतात, मीही हसते. तो म्हणतो, डोळ्यांना डाग दिसतो, पण तो कशाचा ते नाकच सांगतं. तेलकट असेल तर एक उपाय, घामाचा असेल तर दुसरा, रंगाचा असेल तर तिसरा. चुकत नाही कधी. बायको गेली त्या आठवड्यात तिचे झाडून सगळे कपडे त्याने धुतले, इस्त्री केले आणि कपाटात रचून ठेवले. माणसं रडतात, हा धूत बसला. त्याला दुसरं काही येतच नाही.

तर एका सुट्टीच्या दिवशी तो बटणचं दप्तर साफ करत होता. आतल्या कप्प्यात त्याला पावाची एक रिकामी पिशवी सापडली, तोंडाला गच्च गाठ मारलेली. आत एक चुरगळलेला सुती स्कार्फ होता. निळ्या रेघांचा. माझी भावजय काम करताना केसांना बांधायची, तो. आजारपणात शेवटी शेवटी तर तो डोक्यावरून उतरलाच नव्हता.

भाऊ तो घेऊन माझ्याकडे आला. डोळे भरले होते त्याचे. "बघ ताई, पोरीने आईची आठवण जपून ठेवलीये. पण काय अवस्था झालीये त्याची." त्याने सवयीने स्कार्फ नाकाशी धरला. "तेल, घाम आणि औषध," तो म्हणाला. "निघेल सगळं."

मशीनला हातसुद्धा लावू दिला नाही त्याने. कोमट पाण्यात स्वतः भिजवला, लहान बाळाला न्हाऊ घालावं तसा हलक्या हाताने धुतला, सावलीत वाळवला. इस्त्री केली. लग्नाच्या कपड्यांसाठी राखून ठेवलेल्या पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळला आणि गुपचूप दप्तरात ठेवला. बटण उघडेल तेव्हा कशी खुलेल, याची तो मला दहादा वर्णनं ऐकवत होता. कितीतरी दिवसांनी त्याला शीळ घालताना ऐकलं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून फोन आला. दुकान तसंच बंद करून आम्ही दोघं धावलो.

वर्गाच्या बाई आजारी मुलांच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. "मारामारी नाही, ताप नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी दप्तर उघडलं आणि बाकाखाली जाऊन बसली. बोलत नाही, रडत नाही. तुम्हाला माहीत असेलच ना तिचं ते पिशवीचं?"

"कुठलं पिशवीचं?" भावाने विचारलं.

"अहो, फार कासावीस झाली की दप्तरात तोंड घालते ती. रोज नाही, एखाद्या दिवशी. पिशवीची गाठ सोडते, वास घेते, लगेच गाठ मारून टाकते. मग दिवसभर छान असते. मी कधी हटकलं नाही. मला वाटलं, तुम्हीच दिलं असेल. आज कागद उघडून तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं, सगळ्या बाजूंनी हुंगून पाहिलं."

भाऊ भिंतीला टेकला. करायला गेला एक आणि झालं भलतंच.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मी वास घेतला होता गं. तेल ओळखलं, घाम ओळखला, औषधही ओळखलं. तिला नाही ओळखलं."

मी त्याचा दंड धरला आणि त्याला आत नेलं.

आत बटण खाटेवर पाय लोंबकळत सोडून बसली होती. घडी केलेला स्कार्फ मांडीवर. बापाचा चेहरा तिने एकदा नीट पाहिला.

"स्कार्फ छान झालाय बाबा," ती म्हणाली. "एकदम नव्यासारखा."

अगदी गिऱ्हाईकासारखं म्हणाली. एवढ्याशा पोरीने बापाला सांभाळून घेतलं, आणि मला ते बघवेना.

घरी आल्याबरोबर भावाने बायकोचं कपाट उघडलं. एकेक कपडा काढायचा, काखेत, कॉलरला, बाहीला नाक लावायचं आणि खाली टाकायचा. गाऊन, स्वेटर, उशीचे अभ्रेसुद्धा सोडले नाहीत. सगळ्याला एकच वास होता, आमच्या दुकानाचा, साबणाचा आणि गरम इस्त्रीचा. त्याने काम चोख केलं होतं. शेवटी तो त्या ढिगात मटकन बसला आणि रडायला लागला. बायको गेली तेव्हापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

बटण दारात उभी होती.

"बाबा, तुला पण आई आठवते?" तिने विचारलं.

"म्हणजे काय गं?"

"मला वाटलं, तू विसरलास."

त्याने नुसते हात पुढे केले. मग ती जी रडली, ती गणवेशातच, आईच्या कपड्यांच्या ढिगावर झोप लागेपर्यंत रडली. मी मधे पडले नाही. ऐकवत नव्हतं, पण खरं सांगते, त्या रडण्याने मला हायसं वाटलं.

फोटो पुन्हा भिंतीवर आला. पोट काही जादूने बरं झालं नाही, अजूनही एखाद्या सकाळी दुखतं. मग भाऊ काम बाजूला ठेवून तिच्याशेजारी गठ्ठ्यावर बसतो.

"आज कशाने दुखतंय?"

"आईने."

मग दोघं आईबद्दल बोलतात. ती गाताना कशी बेसूर व्हायची, तिला छत्री कशी कधीच सापडायची नाही, आणि एकदा तिने एका साहेबांच्या पँटवर कॉफी सांडून वर त्यांनाच कसं झापलं होतं. कधी हसतात, कधी रडतात, आणि शाळेला उशीर होतो. बाईंनी फाटकावर सांगून ठेवलंय. पोर आता पोटभर जेवते. स्कार्फ मात्र तिने आपल्या हातरुमालांत ठेवून दिला. पुन्हा कधी नाकाशी धरला नाही.

परवा संध्याकाळी एक बाई मोठं गाठोडं घेऊन आल्या. वयस्कर, चष्म्याआड डोळे सुजलेले. "यांचे आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे धुऊन द्या. कुणाला तरी देऊन टाकायचेत."

भावाने गाठोडं सोडलं. वरच एक चौकड्यांचा शर्ट होता, कोपरावर विरलेला. सवयीने तो त्याने नाकाकडे नेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली घेतला.

"हा शेवटी अंगावर होता?"

"हो."

त्याने शर्टाची घडी केली, एका पिशवीत घातली आणि पिशवी बाईंपुढे ठेवली. "हा मी धुणार नाही."

"अहो, पण मळलाय तो," बाई जरा वैतागूनच म्हणाल्या.

"असू दे."

बोलणं हा काही माझ्या भावाचा प्रांत नाही. तो नुसता पिशवीवर हात ठेवून उभा राहिला. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून बटणचा आवाज आला. ती कोपऱ्यात गणितं सोडवत बसली होती.

"काकू, पिशवीला गाठ घट्ट मारायची," ती म्हणाली. "आणि रोज नाही हं उघडायची. अगदीच राहवलं नाही तर, आणि तेव्हाही थोडासाच घ्यायचा वास. नाहीतर संपतो."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. दोन्ही हातांनी गाठ मारली आणि पिशवी छातीशी धरली. बाकीच्या कपड्यांची पावती घ्यायची त्या विसरल्या, मीही दिली नाही.

भाऊ पुढे झाला आणि त्यांच्यासाठी दार उघडलं. त्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या, दिसेनाशा झाल्या, तरी तो दार धरून तसाच उभा होता.